तुळशीचे लग्न लागले, पुढे काय?

कार्तिकात आपण तुळशीचे लग्न थाटात लावतो आणि पौषात तीच तुळस उघड्या अंगणात काळवंडते. ‘थंडीने गेली’ म्हणून आपण मोकळे होतो. आम्हांला हे पटत नाही.

आपल्या बालाघाटला थंडी पडते हे खरे. बैहरकडे पठारावर तर कधी पहाटे दवही गोठते. तुळस, क्रोटन, मनीप्लांट ही उष्ण हवामानातली झाडे. पारा १० अंशांच्या खाली गेला की त्यांची वाढ थांबते आणि कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते. म्हणून संध्याकाळी कुंडी ओसरीत भिंतीलगत सरकवावी. वृंदावन हलत नसेल, तर चार काठ्या रोवून वर जुने कापड टाकावे आणि सकाळी काढावे. पाणी बेताने, ऊन आल्यावर घालावे. अंधाऱ्या खोलीत कोंडून रोज तांब्याभर पाणी ओतले तर मुळे कुजतात. वाळलेल्या मंजिऱ्या खुडून बी जपून ठेवावे.

शाळेच्या कुंड्या मात्र नाताळच्या सुट्टीत बेवारस होतात. आमचे मत असे, की सुट्टीआधीच प्रत्येक वर्गाने त्या वाटून घराघरांत न्याव्यात. मंगलाष्टकांना जमणाऱ्या मुलांपैकी दोघांनी जरी रोज तुळशीवर कापड टाकले, तरी चैत्रात ती पुन्हा पालवेल.