जोडराग, फ्यूजन आणि आमचे मौन

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी आमच्याकडे एक विषय आणला होता. तो रोज वसमतहून एस.टी.ने येत असे आणि गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत असे. त्याला सत्तरच्या दशकातील फ्यूजन संगीतावर आणि त्याविषयी मराठीत काय लिहिले गेले यावर काम करायचे होते. मोबाइलवर त्याने आम्हांला 'शक्ती'चे वादन ऐकवले आणि म्हणाला, "सर, या गिटारवाल्याला मात्रा मोजता येतात." आम्ही दोघांनी ते कौतुकाने ऐकले आणि 'हा मराठीचा विषय नव्हे' असे सांगून त्याला ग्रामीण कथेवरचा एक तयार विषय दिला. त्याने तो निमूटपणे पूर्ण केला व उत्तम गुण मिळवले. निर्णय आमचा होता आणि तो चुकीचा होता, असे आज आम्हांस वाटते. हे टिपण त्या चुकीच्या कारणांचा शोध घेण्यासाठी आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. 1969-70च्या सुमारास पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात एक मोठी घुसळण सुरू झाली. माइल्स डेव्हिसच्या 'बिचेस ब्रू'ने (1970) जॅझमध्ये विजेची वाद्ये रुजवली. इंग्लंडमध्ये 'किंग क्रिम्सन' आणि 'येस' यांनी तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून दीर्घ रचना केल्या. फ्रान्समधील 'माग्मा' या समूहाच्या ख्रिस्तियाँ वांदेरने तर आपल्या गाण्यांसाठी एक स्वतंत्र भाषाच निर्माण केली. जॉन मॅक्लॉफ्लिनने 1971मध्ये 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' उभा केला. रॉकच्या नेहमीच्या चार मात्रांऐवजी त्यात विषम मात्रांची आवर्तने होती. रूपक आणि झपताल अंगवळणी पडलेल्या आपल्या श्रोत्याला त्यात विचित्र काही वाटण्याचे कारण नव्हते. आमचा विद्यार्थी नेमके हेच सांगत होता.

या घडामोडीत मराठी मुलखाचा वाटा किती? झाकीर हुसेन (1951-2024) माहीमचे. मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम्‌वादक विनायकराम यांच्यासह 'शक्ती'चा पाया त्यांनी घातला. 1975मध्ये अमेरिकेतील एका महाविद्यालयात झालेल्या त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी प्रकाशित झाले. 1978मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरली. या उत्सवाच्या नावातील 'यात्रा' हा शब्दही आपल्या अभ्यासकांना कधी कुतूहलाचा वाटला नाही.

परंतु आम्हांला सर्वांत बोलके वाटते ते शोभा गुर्टू यांचे उदाहरण. 1925 साली बेळगावात जन्मलेल्या भानुमती शिरोडकर म्हणजेच पुढच्या शोभा गुर्टू. आई मेनकाबाई शिरोडकर या अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. स्वतः शोभाताईंचे आरंभीचे शिक्षण भूर्जी खाँ यांच्याकडे, म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याच्या गाभ्यातच झाले. पुढे ठुमरी-दादऱ्यात त्यांनी आपले स्थान निर्माण केले. 1975च्या 'सामना' या मराठी चित्रपटासाठी त्या गायल्या. 1978च्या 'मैं तुलसी तेरे आंगन की'मधील त्यांचे गाणे देशभर गाजले. या दोहोंच्या मधे, 1977 साली, म्युनिकच्या 'एम्ब्रियो' या प्रोग्रेसिव्ह रॉक समूहाच्या 'अपो-कॅलिप्सो' या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा आवाज आहे. त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू त्यात तालवाद्ये वाजवीत आहेत. तेव्हा शोभाताईंचे वय बावन्न होते. मराठी चित्रपट, हिंदी चित्रपट आणि जर्मन रॉक या तिन्ही ठिकाणी तीन-चार वर्षांच्या अवधीत एकच आवाज उमटला. पहिल्या दोन ठिकाणांची नोंद आपण आवर्जून घेतो. तिसऱ्याचा उल्लेख आलाच तर 'विदेशातही लौकिक' अशा एका ओळीत संपतो.

असे का झाले असावे? त्याची दोन कारणे आम्हांस दिसतात.

पहिले कारण शुद्धतेच्या कल्पनेचे आहे. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने (1961) आपल्याला घराण्यांचा विचार करण्याची शिस्त लावली, हे ऋण मोठे आहे. परंतु पुढे आपल्यापैकी अनेकांनी त्या शिस्तीचे कुंपण केले. कुंपणापलीकडचे ते सारे 'भेसळ' ठरले. गंमत अशी की, ज्या घराण्यात शोभाताईंचे आरंभीचे शिक्षण झाले ते घराणे जोडरागांसाठीच प्रसिद्ध आहे. जोडराग म्हणजे दोन रागांची बेरीज नव्हे. दोन्ही रागांची अंगे गायकाला स्वतंत्रपणे सिद्ध असावी लागतात आणि एकातून दुसऱ्यात जाताना सांधा खटकू नये लागतो. म्हणजे मिश्रणाचे काटेकोर व्याकरण आपल्याच परंपरेने तयार करून ठेवले आहे. फ्यूजनला जोखण्यासाठी परक्या निकषांची आवश्यकता नव्हती. जोडरागाचा निकष पुरेसा होता.

तो लावून पाहिला की सगळेच फ्यूजन थोर ठरत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. सतार आणि तबला केवळ धूप-उदबत्तीसारखे वातावरणापुरते वापरणाऱ्या ध्वनिमुद्रिका त्या काळात पुष्कळ निघाल्या. नंतर तर 'फ्यूजन' हा शब्द हॉटेलांच्या खाद्यपदार्थांनाही चिकटला. म्हणून आम्ही एक साधा प्रश्न सुचवतो : या भेटीत कोण बदलले? मॅक्लॉफ्लिनने 'शक्ती'साठी खास गिटार बनवून घेतली. तिच्या पडद्यांमधले लाकूड खोल कोरलेले होते, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी. शिवाय तिला तरफेसारख्या जादा तारा जोडल्या होत्या. त्याने वीणेचेही शिक्षण घेतले. त्रिलोक गुर्टूंनी पाश्चात्त्य ड्रम्स आणि तबला एकाच मांडणीत आणले. स्टुलावर बसण्याची रीत सोडून ते खाली बसून वाजवू लागले. पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून तिचा नाद वाकवण्याची त्यांची रीतही प्रसिद्ध आहे. येथे वाद्य बदलले, आसन बदलले, हात बदलला. जिथे एकच बाजू बदलते तिथे भेट झालेली नसते, सजावट झालेली असते.

दुसरे कारण अधिक आपल्या घरचे आहे. मराठीचे अध्यापन केवळ शब्दांचे झाले आहे. 'घाशीराम कोतवाल' (1972) आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. सत्ता, हिंसा, ब्राह्मणी समाजरचना, लोकनाट्याचे घटक यांवर प्रश्न काढत आलो. पण कीर्तन, अभंग, लावणी यांना एकमेकांवर आदळवून ज्यांनी त्या नाटकाचा अर्थ ऐकू आणला, त्या भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर आम्ही कधी एक तास दिला नाही. अरुण कोलटकर पखवाज शिकत होते आणि इंग्रजीत गाणी लिहीत होते, ही गोष्ट आम्ही कविपरिचयात किस्सा म्हणून सांगतो. त्यांच्या ओळीतील ताल ऐकण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहत नाही. साठोत्तरी साहित्यातील प्रयोगशीलतेवर ग्रंथ झाले. त्याच काळात, त्याच मुंबईत, त्याच अस्वस्थतेतून जे कानांवर पडत होते ते मात्र अभ्यासाच्या बाहेर राहिले.

'पण हिंगोलीसारख्या जिल्ह्यात बसून या चर्चेचे प्रयोजन काय?' असे आम्हांला एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर येथून जवळच, नर्सीला आहे. नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानले जाते. येथून तो भक्तकवी पंजाबात गेला. त्याच्या नावाची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात रागवार विभागणीत समाविष्ट आहेत. ती मराठीत नाहीत. नामदेव परमुलखात गेला, तिथल्या भाषेत बोलला, तिथल्या माणसांच्या गळ्यात रुजला आणि तरी आपलाच राहिला. त्याला कोणी भेसळ म्हणत नाही. 2015मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण सर्वांनी त्याचा अभिमानच बाळगला. मग सातशे वर्षांपूर्वीच्या प्रवासाला जो न्याय, तो 1977च्या प्रवासाला का नसावा? भक्ती आणि करमणूक यांत अंतर आहे, हे आम्हांला मान्य आहे. तथापि परक्या सुरात आपला आवाज न हरवता मिसळणे ही कसोटी दोन्हीकडे सारखीच आहे.

आमची मागणी मोठी नाही. अभ्यासक्रमात नवी प्रश्नपत्रिका नको. नाटक शिकवताना त्याचे संगीत ऐकवावे, कविता शिकवताना तिच्या मात्रा वर्गात मोजून पाहाव्यात आणि विद्यार्थी कानाने गोळा केलेला विषय घेऊन आला तर त्याला परत पाठवू नये, इतकेच. महाविद्यालयीन मराठीत ज्याचा कान तयार आहे असा विद्यार्थी बहुधा भजनी मंडळातून येतो. मॅक्लॉफ्लिनच्या मात्रा त्याला आमच्याआधी ओळखू येतात. त्याच्याजवळ असलेल्या ज्ञानाला आम्ही 'विषय नव्हे' म्हणालो, हे या साऱ्या प्रकरणातले खरे नुकसान आहे.

तो विद्यार्थी आता एका शाळेत शिकवतो. मागच्या एकादशीला भजनात भेटला, तेव्हा आम्ही त्याला तो जुना विषय पुन्हा हाती घेण्याविषयी विचारले. तो हसला आणि म्हणाला, "सर, आता वेळ मिळत नाही." मग पखवाजाला कणीक लावायला वळला. या उत्तरावर आम्हांला बोलण्यासारखे काही नव्हते.