तिखटाचे पैलवान

तिखट खाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिखट खाऊन दाखवणाऱ्यांबद्दल आहे. ही जमात पंगतीत लगेच ओळखू येते. पहिला घास पोटात जायच्या आत 'छ्या, तिखटच नाही' असं जाहीर करायचं, वाढणाऱ्या वहिनींकडून हिरवी मिरची मागून घ्यायची, ती कचकन तोडायची आणि मग शेजारच्या पाहुण्याकडे बघायचं. त्याच्या नाकाला पाणी सुटलं की यांच्या मिशीला पीळ. 'तुम्हाला नाही झेपायचं, पाव्हणं. आमच्या रक्तातच आहे.'

कसलं रक्त? ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळात या मातीत मिरचीचं एक रोप नव्हतं. हे पीक मूळचं अमेरिकेचं; सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते आपल्याकडे आणलं. तोवर आपले पूर्वज मिरी, पिंपळी आणि आल्यावर भागवत होते, आणि त्यांची मर्दानगी कुठे कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

विज्ञानाने तर या पैलवानांची पार लाज काढली आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या, वेदना आणि उष्णतेची खबर देणाऱ्या मज्जातंतूंना चिथावतं, आणि भाजलेलं नसताना मेंदूला भाजल्याचं कळवलं जातं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली यामागचं प्रथिन शोधलं. २०२१च्या नोबेलमागे तेच काम होतं. रोज मारा झाला की हे मज्जातंतू मंदावतात. शिवाय कुणाची जीभ जन्मतःच जास्त हळवी असते, कुणाची कमी. म्हणजे तुम्ही कमावलं ते काय, तर थोडी बधिरता. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाला घट्टे पडतात. तो त्यांचा सत्कार करून घेत नाही. आणि पक्ष्यांना तर कॅप्सायसिनची आग जाणवतच नाही. तेव्हा मानाचा फेटा बांधायचाच असेल तर आधी पोपटाला बांधा.

या फुशारकीने खरं नुकसान केलंय ते स्वयंपाकाचं. 'झणझणीत' अशी पाटी लागली की आत वाटण कच्चं राहिलं काय, मटण चिवट निघालं काय, कोण विचारतो? गिऱ्हाईक घाम पुसण्यात गुंतलेलं असतं. कोल्हापूरचं नाव घेऊन गावोगाव जो लाल जाळ विकला जातो, तो पाहून कोल्हापूरकराने अब्रुनुकसानीचा दावा ठोकावा. तिथल्या ताटात तांबड्या रश्श्याच्या शेजारी पांढरा रस्सा येतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, हा हिशेब तिथल्या बायकांना पाठ आहे. कांदा-लसूण मसाल्यात खोबरं, तीळ, धणे यांचा मान मिरचीइतकाच. हे आचाऱ्याने शिकायला हवं. पण दोन चमचे तिखट जास्त टाकणं स्वस्तात पडतं.

ठेच्याचं कौतुक ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. ज्या घरात कालवणाला काही नसायचं, तिथे मिरची, लसूण आणि मीठ रगडून कोरडी भाकरी घशाखाली ढकलली जायची. ती चव मोठी आहे, मलाही आवडते. पण त्या नाइलाजाला बैलगाडीचं चाक टांगलेल्या वातानुकूलित हॉटेलात शौर्य म्हणून खपवायचं, म्हणजे कमाल झाली. मिरचीशी खरी झुंज नंदुरबारच्या पथारीवर लाल मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका देतात, किंवा डंकावर तोंडाला फडकं बांधून मसाला कुटणारे. त्यांना कोणी शूर म्हणत नाही.

उलट बाजूचे शहाणेही मला नकोत. मिसळीत तर्रीचा थेंब दिसला की तिखट खाणाऱ्यांना तामसी, रांगडे ठरवणारे. आपल्या साखर घातलेल्या आमटीवरून सुसंस्कृतपणा मोजणारे हे लोक तेवढेच बधिर, फक्त वेगळ्या जागी.

तरी माझा राग जास्त आहे तो पहिल्यांवर, कारण ते दुसऱ्याच्या ताटात हात घालतात. पाहुण्याला आग्रहाने तांबडं वाढायचं, त्याला ठसका लागला की खो-खो हसायचं, आणि वर मोठ्या दिलदारीने पाण्याचा तांब्या पुढे करायचा. कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; पाण्याने आग फक्त तोंडभर पसरते. दुधातलं केसिन ते धुऊन काढतं. जन्मभर मिरचीच्या गप्पा मारणाऱ्या या माणसाला उठून वाटीभर दही आणायचं मात्र सुचत नाही.