ही खडी कोणाच्या उरावर?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरांना व शेतांना खेटून खडीच्या खाणी काढू देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. खडीवाचून रस्ता होत नाही आणि इमारतही उभी राहत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. हा मजकूर वाचणारा नागरिक ज्या चार भिंतींत बसला आहे, त्यांतही कोठल्या तरी डोंगराचा तुकडा आहे. म्हणूनच हा प्रश्न जितका खेड्याचा तितकाच शहराचा आहे.

सरकारी कागदावर खाण म्हणजे केवळ काही हेक्टर पडीक माळ. प्रत्यक्षात तेथे सुरुंग उडू लागले की शेजारच्या घरांच्या भिंतींना चिरा जातात. क्रशरचा धुरळा द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या पानांवर बसतो, आणि माणसांच्या छातीतही जातो. सर्वांत मोठा धोका विहिरींना. येथला खडक काळा पाषाण. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाण या पाण्याच्या पातळीखाली गेली, की आसपासचे पाणी तिच्यात उतरते आणि पंपाने बाहेर फेकले जाते. ठेकेदार आपला माल घेऊन एक दिवस निघून जातो. खड्डा तेवढा गावाच्या वाट्याला उरतो.

‘विकासासाठी थोडा त्याग करावाच लागतो’, हा उपदेश निदान या तालुक्यांना तरी कोणी करू नये. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. याच तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. ती दरड खाणीमुळे कोसळली, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जेथील डोंगर एका पावसात गाव गिळू शकतो, तेथे उतारावर सुरुंग लावण्यापूर्वी हात थरथरू नयेत काय?

कायदा मुका आहे, असेही नाही. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांना हे कवच आहे; पूर्वेकडील बागायती गावांना ते नाही. डोंगरातल्या माणसाला विचारायचे आणि सपाटीवरच्या माणसाला विचारायचेही नाही, हा कोठला न्याय? पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी बजावले. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून नियमांतून निसटण्याची युक्ती न्यायालयाच्या नजरेतून सुटली नव्हती. त्याही आधी, १९८५ साली, डेहराडून-मसुरीच्या डोंगरांतील अनेक चुनखडीच्या खाणी याच न्यायालयाने बंद करविल्या. खाणमालकांचे नुकसान होईल, हे न्यायाधीशांना दिसत होते; लोकांच्या निरोगी परिसराचा हक्क त्यांनी त्याहून मोठा मानला.

आमचे मागणे साधे आहे. पट्टा देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी अनुसूचित असो वा नसो, प्रत्येक गावाची ग्रामसभा भरवावी आणि तिचा नकार हा नकारच मानावा. घरे, विहिरी आणि बागायत यांच्याजवळ सुरुंगाला परवानगीच असू नये. जुन्या खाणींची मोजणी करावी. परवान्याबाहेर खोदलेल्या प्रत्येक घनमीटरची वसुली करावी आणि पडलेले खड्डे ठेकेदारांकडून सुरक्षित करून घ्यावेत. यामुळे खडी महाग झाली, तर शहराने ती महाग घ्यावी. आजची स्वस्ताई खरी नव्हे. तिच्या किमतीचा उरलेला भाग शेतकरी आपल्या विहिरीतून आणि आपल्या छातीतून भरीत आहे.

रयतेच्या धान्याला आणि गवताच्या काडीलाही हात लावू नका, असे आपल्याच अंमलदारांना बजावणाऱ्या राजाचा जन्म शिवनेरीवर झाला. दर शिवजयंतीला राज्यकर्ते तो गड चढतात. चढून गेल्यावर त्यांनी केवळ पाळण्याकडे न पाहता तटावरून खालीही पाहावे. तेथे रयतेची शेते आहेत. ती राखणे, हेच त्या राजाला खरे वंदन होय.