मैत्रीचा रेफरल कोड

हैदराबादच्या कॉलेजांत नव्या ॲपचा ‘कॅम्पस ॲम्बॅसेडर’, म्हणजे कंपनीसाठी ॲपचा प्रचार करणारा विद्यार्थी, बहुधा मेसच्या रांगेतच गाठतो. ‘क्यूआर स्कॅन कर, ओटीपी टाक, माझा कोड घाल, झालं!’ समोरची मुलगी नाही म्हणत नाही, कारण कालच दोघांनी नोट्सची देवाणघेवाण केलेली असते. कंपनीला हवी असते ती नेमकी ही भीड. २०१७ साली गूगलने ‘तेज’ हे पेमेंट ॲप आणलं, तेव्हा ओळखीच्या माणसाला जोडल्यावर दोघांनाही ५१ रुपये मिळत. निदान व्यवहार रोखठोक होता. कॅम्पसवर मात्र कित्येकदा टी-शर्ट, प्रमाणपत्र आणि शिफारसपत्राच्या आशेवर पोरांना महिनोन्‌महिने राबवून घेतात. हे मला मुळीच पटत नाही. या कामातून अनोळखी माणसाशी तेलुगू, दखनी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत बोलायची सवय होते, ते शिक्षण मोलाचंच. पण इंटर (बारावी) संपवून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली कितीतरी मुलं सतराच वर्षांची असतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागितली आहे. हे ॲम्बॅसेडर पोरांना कोण सांगतं? म्हणून मुलांनो, मानधन किती आणि कधी, ते आधी ईमेलवर लिहून घ्या. आणि साध्या अभ्यासाच्या ॲपला सगळे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत, याचं नीट उत्तर कंपनीने दिल्याशिवाय मैत्रिणीचा फोन हातात घेऊ नका.