जिवतीचा शुक्रवार

१४ ऑगस्ट १९४२ हा श्रावणातला पहिला शुक्रवार होता. अमावास्या नुकतीच सरली होती आणि नारळी पौर्णिमा बारा दिवसांवर आली होती. पहिला शुक्रवार म्हणजे जिवतीचा. भिंतीवर जिवतीचा कागद लावायचा, त्याला आघाडा-दूर्वांची माळ घालायची, पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळायचे, आणि मूल घरी नसेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. लेकरांना आयुष्य मागण्याच्या त्या दिवशी पालघरला ‘छोडो भारत’ची हाक ऐकून सरकारी कचेरीवर चाललेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तेवारी आणि सुकुर गोविंद मोरे हे पाच जण गेले.

दर १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी फुले वाहिली जातात. पालघरच्या चौकाला आपण पाचबत्ती म्हणतो, त्या पाच बत्त्या या पाच जणांच्या. आपल्या दांडी गावाहून किनाऱ्याने दक्षिणेला निघाले की खाडीपलीकडे नवापूर, मग आलेवाडी, नांदगाव, मुरबे आणि पुन्हा एक खाडी ओलांडून सातपाटी. ठाकूर नांदगावचे, चुरी मुरब्याचे, पागधरे सातपाटीचे. एका दिवसाच्या चालीत तीन हुतात्म्यांची गावे लागतात. बाहेरच्या माणसासमोर दांडीचे नाव काढले की त्याला मिठाच्या सत्याग्रहाची, गुजरातेतली दांडी आठवते, आणि ‘ती नव्हे, ही तारापूरजवळची’ असे सांगून आपण गप्प बसतो. गप्प बसू नये. पुढे सांगण्यासारखे या किनाऱ्यावरही पुष्कळ आहे.

शाळेच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध एका धड्यात असते आणि ‘छोडो भारत’ दुसऱ्या. मुले एका धड्यात मिडवे, अल अलामीन, स्टालिनग्राड अशी कलाटणीची नावे पाठ करतात, दुसऱ्यात गवालिया टँक आणि ‘करेंगे या मरेंगे’. दोन्ही धड्यांची तारीख एकच आहे, हे मात्र त्यांना कोणी दाखवत नाही. तो आठवडा एकदा ओळीने मांडून पाहावा.

७ ऑगस्टला अमेरिकी सैनिक प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटावर उतरले. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले, आणि त्याच दिवशी जर्मन फौजांनी कॉकेशसमधले मायकोप हे तेलाचे शहर घेतले. ११ ऑगस्टपासून भूमध्य समुद्रात माल्टा बेटाकडे निघालेल्या ब्रिटिश जहाजांच्या तांड्यावर एकामागून एक हल्ले होत होते. १४ ऑगस्टला पालघर. १५ ऑगस्टला त्या तांड्यातले ‘ओहायो’ हे तेलाचे जहाज, पाठीचा कणा मोडलेला, दोन्ही बाजूंना बांधलेल्या जहाजांच्या आधाराने कसेबसे माल्टाच्या बंदरात आले. २३ ऑगस्टला जर्मन विमानांनी स्टालिनग्राडवर आग ओतली.

म्हणजे पालघरला गोळ्या चालल्या तेव्हा युद्ध कोणाच्या बाजूने वळणार हे कोणालाच कळलेले नव्हते. मिडवे जूनमध्ये होऊन गेली होती, पण तिचे मोल पुढे उमगले. अल अलामीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली, आणि स्टालिनग्राडला शेवटची जर्मन तुकडी शरण आली ती २ फेब्रुवारी १९४३ रोजी. आपण आज निकाल हातात घेऊन मागे पाहतो. त्या शुक्रवारी कचेरीकडे चाललेल्यांच्या हातात निकाल नव्हता. हिटलर तेलाच्या विहिरींपर्यंत पोहोचला होता, जपान ब्रह्मदेश घेऊन आसामच्या उंबऱ्याशी बसला होता, आणि ज्या सरकारविरुद्ध ही माणसे निघाली होती ते सरकार जीव वाचवण्यासाठी लढत होते. भ्यालेल्या सरकारचा हात बंदुकीकडे लवकर जातो.

हे भय आले कुठून? आमच्या मते हिंदुस्थानच्या दृष्टीने या युद्धाची खरी कलाटणी आधीच होऊन गेली होती, १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापुरात. ८ डिसेंबर १९४१ला जपानी फौज मलायाच्या किनाऱ्यावर कोटा भारूला उतरली. दोनच दिवसांत ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ ही दोन बलाढ्य ब्रिटिश जहाजे विमानांनी बुडवली. त्यानंतर सत्तर दिवसही झाले नाहीत तोच सिंगापूर पडले. तिथे आणि मलायात जे युद्धकैदी झाले त्यांत हिंदी सैनिकच निदान चाळीस हजार होते. मार्चमध्ये रंगून गेले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब पडले. पण लोकांच्या मनाला झोंबली ती पेनांगची गोष्ट. डिसेंबरातल्या एका रात्री तिथल्या गोऱ्या लोकांना गुपचूप बोटींत बसवून हलवले, आणि त्यांच्या राज्यात राबलेले मलायी, चिनी, हिंदी लोक सकाळी उठले तेव्हा त्यांना वाली उरला नव्हता. ब्रह्मदेशातून पायी निघालेल्या आपल्या लोकांच्या वाट्याला आलेल्या भेदभावाचा काँग्रेसने जाहीर निषेध केला. सरकार रक्षण करते म्हणून त्याला सारा द्यायचा, ही समजूत त्या चार महिन्यांत मोडली. ऑगस्टातला ठराव त्या मोडलेल्या समजुतीतून उभा राहिला.

आणखी एक गोष्ट इथल्या माणसाला सांगायला हवी, कारण ती होड्यांची आहे. जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून १९४२च्या उन्हाळ्यात बंगालच्या किनाऱ्यावर सरकारने दहापेक्षा जास्त माणसे बसतील अशा होड्या काढून घ्यायला सुरुवात केली. हजारो होड्या जप्त झाल्या किंवा मोडल्या गेल्या. मासेमारी थांबली, बाजाराला धान्य नेणे थांबले, खाडीपलीकडच्या शेतावर जाणे थांबले. होडी गेली की पुढे काय काय जाते, हे दांडीच्या धक्क्यावर कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. पुढच्या वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि वीस लाखांहून अधिक माणसे अन्नावाचून, रोगराईने मेली. होड्यांची जप्ती हे त्याचे एकमेव कारण नव्हते. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, वादळ झाले होते, भाव भडकले होते, साठेबाजी होती, आणि सरकारची बेपर्वाई होती. तरी कोणत्याही सेनापतीच्या नकाशावर न दिसणारी ही या युद्धातली एक मोठी मोहीम होती, आणि तिच्यात मेलेल्या एकाच्याही हातात शस्त्र नव्हते.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर. श्रावण लागला होता, पौर्णिमा व्हायची होती, म्हणजे होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या. तेव्हा शिडाच्या होड्या आणि सुताची जाळी. पावसाळ्यात दर्यात जायचे नाही आणि नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा रिवाज. तरणीताठी माणसे त्या दिवसांत जमिनीवर होती. हाक महिन्याभराने आली असती तर सातपाटी-मुरब्याचे कितीतरी तांडेल आणि खलाशी पाण्यावर असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही. मुंबईतला ठराव आणि पालघरचा मोर्चा यांत सहाच दिवस गेले. पुढारी सगळे तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधने, आणि तरी सहा दिवसांत खाड्या-शेतांच्या पलीकडली गावे उठून चालू लागली. नंदुरबारचा शिरीषकुमार आणि वडूजचे हुतात्मे ९ सप्टेंबरचे. पालघर त्यांच्याही आधीचे आहे.

त्याच वर्षी मराठी माणसे दुसऱ्या एका रणातही मरत होती. आफ्रिकेत टोब्रुकच्या तटबंदीवर २० जून १९४२ला जर्मन सेनापती रोमेलचा घाला पडला तो नेमका मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनच्या मोर्चांवर. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले. दोन वर्षांनी, १० जुलै १९४४ला, इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या एका घरातला मुलगा सरकारच्या बाजूने लढला आणि दुसऱ्या घरातला सरकारविरुद्ध चालला. यांतला एक थोर आणि दुसरा चुकला, असा निवाडा आम्ही करणार नाही. हिटलर आणि मुसोलिनी हरायलाच हवे होते, आणि इंग्रजांनी जायलाच हवे होते. दोन्ही खरे होते, आणि दोन्हींची किंमत याच मातीतल्या घरांनी मोजली. एवढेच सांगतो की माणगावात यशवंतरावांचा पुतळा आहे आणि पालघरला पाच बत्त्या आहेत. मुलांना दोन्हीकडे न्यावे.

पालघरसारख्या ठिकाणी सांडलेले रक्त महायुद्धाच्या हिशेबात धरायचे का, असे कोणी विचारील. खुद्द इंग्रजांनी ते धरले होते. ऑगस्टअखेर व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना कळवले की १८५७नंतरचे हे सर्वांत गंभीर बंड आहे, आणि लष्करी कारणासाठी त्याची व्याप्ती आपण जगापासून झाकून ठेवली आहे. ते मोडायला पायदळाच्या ५७ पलटणी लावाव्या लागल्या. जपान्यांविरुद्ध लागणारी फौज देशातल्या लोकांवर रोखून हे राज्य फार काळ टिकणार नाही, हे त्या वर्षी राज्यकर्त्यांनाही दिसले असावे. पाच वर्षांनी, १४ ऑगस्टच्याच मध्यरात्री, ते संपले.

बोईसर-तारापूर आता देशभरातल्या कामगारांचे गाव आहे. १९६९ला अणुवीज केंद्र आले, मग कारखाने वाढले, वसाहती वाढल्या. पाचबत्तीवरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना त्या नावामागचा अर्थ ठाऊक नाही, आणि त्यांना बोल लावण्यात काही हशील नाही. सांगायला हवे होते ते आपण. त्या शुक्रवारी सात-आठ वर्षांची असलेली मुले आता नव्वदी ओलांडलेली आहेत. दांडीत, नवापुरात, नांदगावात अशी दोन-चार माणसे अजून असतील. शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांनी मोबाइल घेऊन या नारळी पौर्णिमेच्या आत त्यांच्याकडे जावे. मोठे प्रश्न विचारू नयेत. त्या दिवशी घरात पुरण शिजले होते का, हे विचारावे. मोर्चाला गेलेला माणूस काय सांगून निघाला, परत कोणत्या वाटेने आला, गोळीबाराची बातमी आधी कोणी आणली, हे विचारावे. आणि उधाणाचे दिवस होते, तेव्हा खाडीला भरती होती की ओहोटी, हे नक्की विचारावे. पालघरची बातमी त्या संध्याकाळी आपल्या काठावर केव्हा पोहोचली, ते त्यावरून कळेल.