फोनमधली दोन दुकानं

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक मावशी आल्या त्याच फोन हातात धरून, घामाघूम झालेल्या. बँकेचं अ‍ॅप उघडेना. ‘नवीन आवृत्ती घ्या’ एवढंच म्हणत होतं. नेमकी त्याच दिवशी कर्जाच्या हप्त्याची तारीख.

मी म्हटलं, “आणा इकडे, अपडेट करून देते.” उगाच म्हटलं! फोनमध्ये बघते तर अ‍ॅपची दोन दुकानं. एक गूगलचं प्ले स्टोअर, दुसरं फोन बनवणाऱ्या कंपनीचं. प्ले स्टोअर उघडलं तर ते कुठल्याशा खात्याचा पासवर्ड मागायला लागलं.

“खातं कोणाचं आहे हे?”

“मला काय ठाऊक बाई! फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं सगळं चालू करून दिलं.”

म्हणजे मावशींच्या फोनची किल्ली तीन वर्षं मोबाईलच्या दुकानातल्या पोराकडे. ते पोरगं कधीच पुण्याला गेलं. बैठकीतल्या बाकीच्यांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणींचं हेच. कोणाचं खातं मुलाच्या नावाने, कोणाचं जावयाच्या. एकीचं तर वारलेल्या दिरांच्या नावाने अजून चालू आहे.

मग दुसरं दुकान उघडलं. तिथेही बँकेचं तेच अ‍ॅप, तेच चिन्ह, खाली ‘अपडेट’चं बटण. दाबावं की नाही? मी बी.ए. झालेली, गावभर बायकांना शहाणपण शिकवणारी, पण बोट काही पुढे जाईना. शेवटी मावशी उठल्या, शाखेत जाऊन रोख हप्ता भरून आल्या.

घरी आल्यावर भाच्याला फोन लावला. तो याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याने जे सांगितलं ते मैत्रिणींनो, आपल्याला कोणी सांगतच नाही. अपडेट म्हणजे नुसती नवी रंगरंगोटी नसते. अ‍ॅपमध्ये चोराला शिरता येईल अशी भोकं सापडत राहतात, ती बुजवण्याचं काम त्यातून होतं. अ‍ॅप बनवणाऱ्याची त्याच्यावर एक मोहोर असते. आधीच्या अ‍ॅपवरची मोहोर आणि नव्यावरची जुळली नाही तर अँड्रॉइड फोन ते बसवूनच घेत नाही. म्हणजे मी ते बटण दाबलं असतं तरी बँकेच्या अ‍ॅपच्या जागी भलतंच अ‍ॅप बसलं नसतं.

मग दोन दुकानांत भांडण कशाचं? तर अ‍ॅपची देखभाल कोणी करायची याचं. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून दुसऱ्या दुकानांनाही आपण बसवलेली अ‍ॅप आपल्याला न विचारता अपडेट करता येऊ लागली. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ‘हे अ‍ॅप मी बसवलंय, त्याचे अपडेट मीच देणार’ असा हक्क दुकानाला सांगता येऊ लागला. दुसऱ्याने हात लावला तर फोन आपल्याला विचारतो. विचारतो हे बरंच आहे. पण ती पाटी वाचून आमच्या मावशींनी काय ठरवायचं?

आणि अ‍ॅप आपोआप अपडेट होतात म्हणतात, मग मावशींचं का झालं नाही? कारण त्यांच्या फोनमध्ये ‘फक्त वाय-फायवर अपडेट’ अशी खूण होती. आता आमच्या गल्लीत वाय-फाय आहे कोणाकडे? डेटा वाचावा म्हणून पोरं आईच्या फोनमध्ये हीच खूण करून ठेवतात. भोकं तशीच राहतात आणि एक दिवस अ‍ॅप दार लावून घेतं.

अर्थात प्रत्येक अपडेट म्हणजे ठिगळच असतं असंही नाही. कधी त्यातून नवी अट येते. अंगणवाडी सेविकांना विचारा. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आलं, ते इंग्रजीत आणि दिलेले फोन कामाचे नाहीत म्हणून राज्यभरात सेविकांनी ते फोन परत केले होते. पुढे त्याच अ‍ॅपमध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली आणि १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी ती सक्तीची झाली. अपडेट फोनमध्ये येतं, पण त्याची रांग लागते अंगणवाडीच्या दारात.

वर दिल्लीत या दुकानदारीवरून मोठी लढाई झाली. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. प्ले स्टोअरमध्ये दुसऱ्यांची दुकानंही मिळू द्या, असंही सांगितलं. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, पण ही दुकानांची अट काढून टाकली गेली.

एकाच दुकानदाराच्या हाती सगळं असलं की काय होतं, ते १ मार्च २०२४ ला दिसलं. शुल्काच्या वादातून गूगलने दहा भारतीय कंपन्यांची अ‍ॅप काढून टाकली. त्यात भारत मॅट्रिमनी, शादी डॉट कॉम आणि नोकरीची स्थळं शोधायचं ‘नौकरी’ही होतं. सरकार मध्ये पडलं, काही दिवसांत ती परत आली. ज्यांच्या फोनमध्ये ही अ‍ॅप आधीच होती त्यांच्याकडे ती राहिली, पण दुकानातूनच काढल्यावर ठिगळ येणार कुठून?

म्हणून दुसरं दुकान हवंच, असं माझं मत आहे. २१ फेब्रुवारी २०२४ ला फोनपे कंपनीने इंडस अ‍ॅपस्टोअर सुरू केलं. इंग्रजीशिवाय बारा भारतीय भाषा, त्यात आपली मराठी, आणि ईमेलऐवजी मोबाईल नंबरवर चालणारं. आमच्या बायकांसाठी हे किती सोयीचं! (देशी म्हणून फार हुरळून जाऊ नका, फोनपेमध्ये मोठा वाटा अमेरिकेच्या वॉलमार्टचा आहे.) शाओमीने तर २०२५ पासून भारतातल्या आपल्या फोनमध्ये स्वतःच्या दुकानाच्या जागी इंडस आणण्याचं जाहीर केलं.

पण ज्या फोनमध्ये ते आधीपासून नाही, तिथे कसं घ्यायचं? प्ले स्टोअरमध्ये दुसरं दुकान ठेवायला बंदी. त्यांच्या वेबसाइटवरून फाईल उतरवायची, फोन ‘अनोळखी ठिकाण’ म्हणून इशारा देतो, तो ओलांडायचा. आणि नेमकं हेच करू नका म्हणून मी गेली दोन वर्षं घसा कोरडा करतेय! लग्नपत्रिकेच्या, वाहनाच्या दंडाच्या, पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अ‍ॅप. ते बसवलं की ओटीपी चोरून खातं रिकामं होतं. (असं झालंच तर लगेच १९३० वर फोन करा.) चांगलं मराठी दुकान आणि चोर, दोघांना एकच मागचं दार. आम्ही बायकांना त्यातला फरक सांगायचा तरी कसा? मला तरी याचं नीट उत्तर सापडलेलं नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही हप्ते बाजूला ठेवले आणि एकेकीचं खातं उघडून दिलं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नंबरवर. दुपारचे तीन तास गेले, चहा दोनदा झाला. जिच्या घरी बैठक होती तिच्या मुलाच्या वाय-फायवर सगळ्यांची अ‍ॅप अपडेट करून घेतली. मावशींना म्हटलं, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहू नका. त्यांनी फोन पदराआड धरला, सावकाश एकेक अक्षर दाबलं. काय ठेवला ते मलाही सांगितलं नाही.