रुंदीचा रकाना कुठे आहे?

दिवाळीनंतरच्या टपालात यंदा एकच गाऱ्हाणे आहे: जड चामडी ट्रेकिंग बूट परत येत आहेत. ऐरोली, घणसोली, नेरुळ, पनवेल, जिथे म्हणून आपले वाचक दुकान थाटून बसले आहेत तिथून हीच हकीकत. गिऱ्हाईक डिसेंबरातल्या हिमालयाच्या बेतासाठी सहा-सात हजारांची जोडी नेते, पहिल्याच रविवारी ती कोरी करकरीत जोडी घालून कळसूबाई चढते आणि सोमवारी संध्याकाळी खोके काउंटरवर आणून ठेवते. करंगळीला फोड, टाच सोललेली, अंगठ्याचे नख काळे. सोलच्या खाचांत माती तशीच, आणि वर म्हणणे, "काका, पीस डिफेक्टिव्ह आहे, बदलून द्या."

पीसमध्ये बहुतेक वेळा काही खोट नसते. अडीच मिलिमीटरच्या आसपास जाडीचे फुल ग्रेन, पक्का शँक, टाचेमागचे घट्ट काउंटर, गसेटची जीभ, सगळे जिथल्या तिथे असते. चुकलेले असते ते माप. त्याचा थोडा दोष आपल्याकडे आहे, पण मोठा दोष ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापासून सुरुवात करू.

गल्ल्याशेजारचे कुठलेही खोके उचला आणि त्यावरचे लेबल वाचा. उत्पादकाचे नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, आयात माल असेल तर मूळ देश, तक्रारीसाठी फोन नंबर. वजनमापाच्या २०११ च्या नियमांनी हे सगळे छापावे लागते. निव्वळ परिमाणही छापावे लागते, म्हणून तिथे लिहिलेले असते: १ जोडी. बुटांच्या खोक्यात एक जोडी निघेल याची सरकारने एवढी खात्री करून घेतली आहे. पादत्राणांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० साली निघाला, मुदतवाढ घेत घेत अखेर १ ऑगस्ट २०२४ पासून सुधारित रूपात लागू झाला. ज्या मालाला तो लागू आहे त्यावर आता भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का आणि परवाना क्रमांकही असतो. चामडे किती ताणले की फाटते, सोल किती वेळा वाकवला की तडकतो, अप्परपासून किती जोर लावला की सुटतो, हे प्रयोगशाळेत तपासले जाते. पायात बूट जाणार तो चवड्याच्या बाजूने, आणि त्या चवड्याच्या रुंदीसाठी लेबलवर एकही रकाना नाही.

यूके ८ म्हणजे लांबी. रुंदी कुठली? ज्या फर्म्यावर तो बूट ओढला त्या फर्म्याची. तो फर्मा कुणाच्या पायावरून घडला, हे विक्रेत्याला माहीत नसते आणि पुष्कळदा कारखानदारालाही नसते. आपले मापाचे मानक आयएस १६३८ हे १९६९ सालचे, तेही युरोपीय पद्धतींवर बेतलेले. भारतीय पाय मोजून ते तयार केलेले नाही. पाय मोजायला मुहूर्त लागला तो डिसेंबर २०२१ मध्ये. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने मार्च २०२२ पर्यंत ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांचे पाय त्रिमितीय यंत्राने टिपले. निष्कर्ष काय आला? भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतो. जे आपल्या धंद्यातला नवखा पोरगाही पहिल्या महिन्यात सांगतो, ते लाखभर पाय मोजून सिद्ध झाले. तरीही आम्ही त्याचे स्वागतच केले, कारण कागदावर आले की निदान वाद मिटतो. त्या मोजमापातून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली, प्रस्ताव उद्योग खात्याकडून मानक ब्यूरोकडे गेला आणि २०२५ साली अंमल होईल असे वाचायला मिळाले. तुमच्या-आमच्या दुकानात उतरणाऱ्या खोक्यांवर मात्र अजून यूकेचाच आकडा आहे.

घरी-दारी घालायच्या सँडलला यामुळे फारसे बिघडत नाही. कापडी स्पोर्ट शूजही रुंद पायापुढे थोडे नमते घेतात. जड चामडी बूट नमत नाही, निदान लवकर नाही. आमच्या कोपरखैरण्यात माथाडींची वस्ती मोठी. बाप बाजार समितीत पोती वाहून थकलेला, त्याचा पाय गावच्या मातीत अनवाणी वाढलेला. मुलगा महापेला संगणकासमोर बसतो आणि शनिवारी रात्री ठाण्याहून शेवटची कसारा लोकल पकडतो. पोराचा चवडा बापाचाच आहे: पुढे पसरट, टाचेला अरुंद. तो आपल्या दुकानात येतो तेव्हा आपण काय करतो?

"काका, इथे करंगळीला दाबतोय."

"मग नऊ घाला, साहेब. नाहीतर सरळ दहा घ्या. आत दोन मोजे चढवले की झाले."

या दोन ओळींत आपला धंदा अडकला आहे. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे लांबीला एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. त्याबरोबर चवड्याचा घेर वाढतो पाव इंचाच्या आसपास. एक फिटिंग, म्हणजे रुंदीचा एक टप्पा, वर गेलो तरी घेर तेवढाच वाढतो आणि लांबी जागच्या जागी राहते. रुंद फिटिंगचा माल आपल्याकडे येत नाही, म्हणून घेरातला पाव इंच आपण लांबीतून देतो. दोन नंबर वाढवले की बूट १७ मिलिमीटरने लांबतो. मग त्याची वाकायची रेघ चवड्याच्या सांध्यापुढे सरकते. पाय एका जागी वाकतो, बूट दुसऱ्या जागी. टाच काउंटरमध्ये बसत नाही, प्रत्येक पावलाला उचलते आणि सोलली जाते. उतारावर पाय पुढे घसरतो आणि ज्या अंगठ्यासाठी एवढी ऐसपैस जागा केली तोच टो-बॉक्सवर जाऊन आपटतो. असा बूट सहा महिने वापरला तरी रुळणार नाही. नाडी कितीही आवळा, चामड्याला पायाचा आकार घेता येण्यासाठी आधी पाय योग्य जागी असावा लागतो.

याच वर्षी कराचा नवा हिशेब आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडीवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. स्वस्त चपला-बुटांचा कर उतरला, चांगली गोष्ट. पण उंबरठा पाहा. २,५०० रुपयांची जोडी गिऱ्हाइकाला २,६२५ ला पडते. किंमत एक रुपयाने वाढवा, तीच जोडी २,९५१ ची. एका रुपयापायी सव्वातीनशे रुपयांची उडी! उत्पादक आता काय करतील हे सांगायला ज्योतिषी नको. ट्रेकिंगच्या नावाखाली स्प्लिट लेदर, नुसते पेस्टिंग आणि वरवर मारलेली दिखाऊ शिलाई असा माल २,४९९ ला बसवला जाईल. वेल्टची शिलाई असलेला, सोल झिजल्यावर पुन्हा सोल मारता येईल असा बूट त्या किमतीत होत नाही. तो १८ टक्क्यांतच राहणार. जो दहा वर्षे टिकतो आणि आपल्या दुरुस्ती करणाऱ्या बंधूंना काम देतो त्याच्यावर जास्त कर, आणि पावसाळ्यात तोंड उघडतो त्याच्यावर कमी.

आणखी एक पत्र. शिक्का नसलेल्या जुन्या मालाची यादी ब्यूरोला कळवून तो विकण्याची सवलत आहे, मग गोदामातले तीन-चार वर्षांपूर्वीचे जड बूट काढावेत का, असे एका वाचकाने विचारले आहे. सवलत शिक्क्यापुरती आहे, पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) मिडसोलला ती कळत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत पीयू आतून विरघळत जातो, न वापरता खोक्यात ठेवलेली जोडीही त्यातून सुटत नाही. वरून कोरा दिसणारा बूट दुसऱ्या-तिसऱ्या चढणीला सोलपासून वेगळा होतो. लेबलवरचा महिना-वर्ष इथे तरी उपयोगी पडतो. तो वाचा, मिडसोल अंगठ्याने दाबून पाहा. चुरा सुटला, चिरा दिसल्या की ती जोडी विकू नका. गिऱ्हाईक तिथे दरीच्या काठावर उभे असणार आहे.

आता आपल्याबद्दल. मागच्या वर्षी याच पानावर आम्ही लिहिले होते की प्रत्येक दुकानात पाय मोजायची पट्टी हवी. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंत आणि चवड्याची रुंदी, अशी तिन्ही मापे देणारे ब्रॅनॉकचे उपकरण १९२० च्या दशकात अमेरिकेत निघाले. शंभर वर्षे होत आली. आपल्या किती दुकानांत ते किंवा त्याचा गावठी भाऊ दिसतो? फळीवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढायलाही आपल्याला वेळ नाही. कोल्हापुरी चपला करणारा कारागीर ते करतो, आणि आपण एसी दुकानात बसून गिऱ्हाइकालाच विचारतो, "नंबर काय लागतो?"

जड बूट विकायचा असेल तर माप संध्याकाळी घ्या, उभे करून घ्या, दोन्ही पायांचे घ्या आणि मोठ्या पायाचे धरा. ट्रेकला घालायचे तेच जाड मोजे घालून घ्या. दुकानात दोन जोड्या धुतलेले लोकरी मोजे ठेवायला काय लागते? नाडी सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जावे. मग नाडी बांधून उतारावर चालवा. दुकानात उतार नसेल तर फळी तिरकी लावा. अंगठा पुढे टेकला तर तो बूट परत फडताळात, गिऱ्हाईक कितीही म्हणाले की आवडला. नुसती करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा दाबत असेल तर नंबर वाढवू नका. नेमक्या त्या जागी गोळ्याच्या चिमट्याने किंवा फर्म्यावर ताण देऊन जागा करता येते. हे काम आपल्या जुन्या कारागिरांना येते आणि तीनशे रुपये देऊन गिऱ्हाईक आनंदाने करून घेते. ही सेवा आहे असा बोर्ड आजवर कुणी लावलेला आम्ही पाहिला नाही.

आणि तेल! कोल्हापुरीला तेल मुरवायची आपली सवय आपण गिऱ्हाइकाच्या हाती बांधून देतो. कोल्हापुरीचे चामडे हिरडा-बाभळीत कमावलेले असते, तेलाने ते मऊ पडते आणि पायाचा आकार घेते. बुटाचे चामडे बहुधा क्रोमचे, वर पाणी अडवायची प्रक्रिया केलेले. खोबरेल ओतले की ते ढिले पडते, घोट्याचा आधार जातो आणि जूनमध्ये त्यावर बुरशी धरते. बादलीत भिजवून चालण्याचा सल्लाही बंद करा. ओला बूट गॅसजवळ किंवा गच्चीवर उन्हात वाळवला तर चामडे आकसते आणि चिकटवण सुटते. वर्तमानपत्राचे बोळे भरा, बदलत राहा, सावलीत ठेवा, सुकल्यावर मेण द्या.

बूट रुळवायला वेळच लागतो आणि तो वेळ विकताना सांगितला पाहिजे. पहिला आठवडा घरात, फरशीवर, रोज तास-दोन तास. सोल स्वच्छ राहतो आणि माप चुकले असेल तर बदलून देणे दोघांनाही सोपे जाते. मग कोपरखैरण्यात सेक्टर १४ च्या निसर्ग उद्यानात फेऱ्या, स्टेशनचे जिने, मग गवळीदेवचा डोंगर, आधी रिकाम्या पाठीने, नंतर मोहिमेला न्यायची सॅक भरून. कुठे जळजळ सुरू झाली तर फोड यायच्या आत तिथे टेप. मे महिन्यात हिमालयात जाणाऱ्याने बूट फेब्रुवारीत घ्यावा, डिसेंबरात जाणाऱ्याने गणपतीत. निघायच्या आठवडाभर आधी येणाऱ्याला जड बूट देऊच नये. त्याला सांगा, जुनेच घालून जा.

एका दिवसाच्या सह्याद्रीतल्या ट्रेकला येणाऱ्यालाही तेच सांगा. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कातळावर ताठ, कडक सोल घसरतो. या डोंगरांत कितीतरी पोरे ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटांवर हिंडली आहेत, आणि त्यांचे काही अडले नाही. टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीने दिलेले सेफ्टी शूज गडावर घालून जाणाऱ्या पोरांनाही आडवा. दोनशे जूलचा मार सोसणारी ती टो-कॅप कारखान्यात पायाची बोटे वाचवते. उतरणीवर तीच बोटांवर बसते आणि ती कधीच रुळत नाही.

हे सगळे आपल्या हातात आहे. रुंदीचा रकाना आपल्या हातात नाही, पण तिथे आपला आवाज पोचवता येतो. या अंकासोबत एक कोरा तक्ता दिला आहे. पुढच्या दोन महिन्यांत जड बूट घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांची लांबी, चवड्याची रुंदी आणि घेर मिलिमीटरमध्ये लिहा. शेजारी लिहा की त्याला यूकेचा कुठला नंबर दिला आणि तो परत आला का. गिऱ्हाइकाचे नाव, फोन काही नको. भरलेला तक्ता कोपरखैरण्याच्या कार्यालयात ३१ जानेवारीपर्यंत पाठवा. आम्ही ते सगळे एकत्र करून मानक ब्यूरोला देऊ आणि 'भा' चा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा पुन्हा देऊ. ज्यांच्या दुकानात मोजपट्टी नाही त्यांनी तक्त्याच्या पाठीमागे छापलेली पट्टी जाड पुठ्ठ्यावर चिकटवावी, आणि ती डाव्या पायासाठीही वापरावी. गेल्या खेपेला निम्म्या लोकांनी उजवाच पाय मोजून पाठवला होता.